लॉकिंग पक्कड सोडत का नाही?

ज्येष्ठात आमच्या विदर्भातल्या गावोगावच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. मृग लागायच्या आत रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, ट्रॉली सगळं दुरुस्त व्हायला हवं. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट मातीत घासून गुळगुळीत झालेले असतात, सहा कोपऱ्यांपैकी एकही धड उरत नाही, पाना नुसता फिरतो. मग निघते लॉकिंग पक्कड, मिस्त्रींची व्हाइस ग्रिप. एकदा आवळली की हात सोडला तरी बोल्टला लटकून राहते. कशामुळे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "भाऊ, याच्या आतमंदी लय कडक स्प्रिंग रायते."

स्प्रिंग असते खरी, पण तिचं काम उलटं. ती जबडा उघडण्यासाठी असते. आवळलेल्या पक्कडीतली स्प्रिंग तुटली, तरी धरलेला बोल्ट सुटणार नाही. धरून ठेवते ती भूमिती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

पक्कड हातात घेऊन खालून बघा. खालची मूठ जिथे हलत्या जबड्याला जोडली आहे, ती पहिली पिन. त्याच मुठीला मध्यावर एक आडवी पट्टी जोडलेली आहे, ती दुसरी पिन. या पट्टीचं मागचं टोक वरच्या मुठीतल्या स्क्रूवर टेकतं, तो तिसरा बिंदू. मूठ उघडी असताना या तीन बिंदूंचा कोन होतो. मूठ दाबली की मधली पिन वर सरकते आणि तिघं एका रेषेत येऊ लागतात. मागचा बिंदू स्क्रूला अडलेला, त्यामुळे पुढची पिन पुढे ढकलली जाते आणि जबडा मिटतो.

जिनिंगमधला हमाल कापसाचं ओझं घेऊन गुडघे वाकवून उभा राहिला तर मांड्या थरथरतात. गुडघे सरळ केले की तेच ओझं हाडांवर जातं. इथेही तसंच होतं.

आता थोडं गणित. पहिल्या दोन पिनांमधला मुठीचा तुकडा आणि ती आडवी पट्टी या दोन दांड्या समजू, त्या सारख्या लांबीच्या धरू आणि मधल्या सांध्यावर १० किलोचा जोर देऊ. पुढे मिळणारा जोर म्हणजे दिलेला जोर भागिले दांडीने सरळ रेषेशी केलेल्या कोनाच्या टॅनची (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) दुप्पट. दांड्या सरळ रेषेपासून १० अंशांवर असतील तर २८ किलो मिळतात, ५ अंशांवर ५७, आणि १ अंशावर २८६! कोन शून्याकडे गेला की आकडा अनंताकडे धावतो. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण पोलादही किंचित ताणलं जातं. आणि तेच हवं असतं. जबडा, पिना, मुठी केसभर वाकतात, ताणतात आणि तो जोर स्वतःत साठवतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापलेला नियम हाच: जितका ताण, तितकं बळ. म्हणजे आत 'कडक स्प्रिंग' शोधायचीच असेल, तर अख्खी पक्कड हीच ती स्प्रिंग.

पण नुसतं रेषेत येऊन भागत नाही. मधली पिन रेषेच्या किंचित पलीकडे जाते, तेव्हा 'खट्' आवाज येतो. आता बोल्ट जबड्याला जितका उलटा ढकलेल, तितकी मूठ आणखी मिटायला बघते. किती पलीकडे, हा या अवजाराच्या रचनेतला सगळ्यात नाजूक निर्णय. कमी गेली तर हादऱ्याने सुटेल. जास्त गेली तर साठलेला ताण उतरून पकड सैल पडेल, शिवाय सोडवताना जीव जाईल. सोडवण्यासाठी मुठीत छोटा खटका असतो. तो तरफेसारखा काम करून मधल्या पिनेला रेषेच्या अलीकडे आणतो.

मागचा स्क्रू फिरवला की तिसरा बिंदू पुढेमागे होतो. आट्यांतलं अंतर एक मिलिमीटर असेल तर पाव फेऱ्यात तो पाव मिलिमीटर सरकतो. एवढ्यानेही मूठ सहज मिटणं आणि अजिबात न मिटणं असा फरक पडतो. मूठ मिटतच नसेल तर तिच्यात पाइप घालून जोर करू नका, स्क्रू थोडा सैल करा.

ही रचना एका लोहाराची. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला विल्यम पीटरसन नेब्रास्का या शेतीच्या राज्यात डी विट नावाच्या गावी भट्टी चालवायचा. कुलूप लागणाऱ्या मुठीचं पेटंट त्याला १९२४ मध्ये मिळालं. त्यामागचं तत्त्व मात्र जुनं. गिट्टी फोडणाऱ्या जबड्याच्या क्रशरमध्ये, ज्याचं पेटंट एली व्हिटनी ब्लेकने १८५८ मध्ये घेतलं, याच सांध्याने दगडाचा चुरा होतो.

शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, असं अजूनही ऐकू येतं. अडकलेल्या बोल्टचं खापरही कधी वारावर, कधी नजरेवर फुटतं. बोल्ट गंजाने अडकतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आट्यांत ठासून बसतो. त्यावर तेल, थोडी उष्णता आणि चांगली पक्कड, एवढाच उतारा.

घेताना वार नका बघू, पिना बघा. मूठ अर्धी मिटवून जबडा आडवा हलवा. खडखडला तर भोकं सैल आहेत. रेषेपलीकडचा तो केसभर हिशेब अशा पक्कडीत टिकत नाही, मग दात कितीही टोकदार असोत.