खर्रा आत शिरतो, औषध दारात अडतं

नागपूरच्या मेडिकल चौकातल्या कुठल्याही पानठेल्यासमोर दोन मिनिटं उभं राहा. पन्नीवर सुपारीचे तुकडे, तंबाखू, वर चुन्याचं एक बोट, आणि मग ते सगळं घोटत बसायचं. नागपूरकराला खर्रा काय असतो हे सांगायला नको. त्यातला चुना नेमकं काय करतो, हे मात्र खाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या संगतीत निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार निघून जातो, आणि भार नसलेलं निकोटिन गालाच्या आतल्या पेशींचं स्निग्ध आवरण अलगद ओलांडतं. किक लवकर बसते ती यामुळे.

त्याच गालावर पुढे कॅन्सरची गाठ आली की हेच रसायनशास्त्र डॉक्टरांच्या वाटेत आडवं येतं. ब्लिओमायसिन नावाचं एक जुनं औषध आहे. जपानच्या हमाओ उमेझावा यांनी 1960 च्या दशकात ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. पेशीच्या आत पोचलं तर ते डीएनएचे धागे तोडतं; थोडेसे रेणूही पुरतात. पण हा रेणू मोठा, विद्युतभार असलेला, पाण्यात रमणारा. तेलकट आवरणातून त्याला वाटच नाही. विष विनातिकीट आत आणि औषध फाटकाबाहेर, असा हा न्याय.

फाटक क्षणभर उघडायची युक्ती म्हणजे इलेक्ट्रोकेमोथेरपी. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत लुईस मीर आणि सहकाऱ्यांनी ती माणसांवर पहिल्यांदा वापरली आणि 1991 मध्ये निष्कर्ष मांडले. ते पहिले रुग्णही डोकं-मानेच्या कॅन्सरचेच होते.

पेशीचं आवरण जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. गाठीच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून सेंटीमीटरला साधारण 1000 व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र दिलं, तर एकेका पेशीच्या आवरणावर जास्तीत जास्त एक-दीड व्होल्टचा ताण येतो. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलइतका! हसू नका. 5 नॅनोमीटरवर 1 व्होल्ट म्हणजे सेंटीमीटरला 20 लाख व्होल्ट. हवा तर 30 हजारांतच ठिणगी सोडते. एवढ्या ताणाखाली आवरणातले स्निग्ध रेणू सरकतात, बारीक छिद्रं पडतात, आणि बाहेर ताटकळलेलं औषध आत घुसतं. काही मिनिटांत छिद्रं बुजतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ब्लिओमायसिनचा मारा अशाने हजारो पटींनी वाढलेला दिसतो. सिसप्लाटिन हे कॅन्सरवरचं दुसरं औषध थोडंफार स्वतःहून आत जातंच, त्यामुळे त्याची वाढ काही दहापटींची.

2006 साली युरोपात ठरलेल्या पद्धतीत विजेची 8 स्पंदनं देतात, प्रत्येक 100 मायक्रोसेकंदांचं. सगळी मिळून सेकंदाचा हजारावा भागही भरत नाही. तेव्हा ‘कॅन्सरला करंट देऊन जाळतात’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. जळत काहीच नाही, मारतं ते औषधच. स्नायू मात्र जोरात आकसतात, दुखतं, म्हणून भूल द्यावी लागते. एक अनपेक्षित फायदाही होतो. स्पंदनांमुळे गाठीतल्या रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावतात, आणि आत आलेलं औषध तिथेच कोंडलं जातं.

मग शेजारच्या निरोगी पेशींचं काय? छिद्रं त्यांनाही पडतात. पण डीएनए तुटलेली पेशी मुख्यतः विभाजनाच्या वेळी मरते, आणि विभाजनाची घाई असते ती कॅन्सरच्या पेशींना. मला या उपचारातली ही गोष्ट सर्वांत आवडते: निवड वीज करत नाही, औषधही फारशी करत नाही, पेशीची स्वतःची हाव करते.

पण हुरळून जाऊ नका. जगभरातल्या कॅन्सरची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होते, आणि त्यांचा मुख्य उपचार अजूनही शस्त्रक्रिया, गरजेप्रमाणे रेडिएशन आणि केमो हाच आहे. इलेक्ट्रोकेमोथेरपी त्वचेवरच्या गाठींसाठी रुळली. तोंडात ती प्रामुख्याने परत उलटलेल्या, आता कापता न येणाऱ्या गाठींवर वापरून पाहिली गेली आहे. जिभेच्या मुळाशी सूज आली तर श्वास अडू शकतो. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ विरघळली तर रक्तस्रावाची भीती. शिवाय परिणाम होतो तो इलेक्ट्रोडांच्या मधल्या भागापुरता. दूर पसरलेल्या आजाराला त्याचा उपयोग नाही. ‘शॉकवाली ट्रीटमेंट’ येईल म्हणून ऑपरेशन लांबवणं हा शुद्ध वेडेपणा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होत जाते, जबडा हळूहळू आवळला जातो. नागपुरातल्या मेडिकल कॉलेजशेजारच्या दंत महाविद्यालयातही तोंड तपासताना आधी बघतात ते हेच: तीन बोटं उभी आत जातात का? सुईसारखे इलेक्ट्रोड गाठीत रोवायचे, तर ते आत न्यायला तेवढी तरी फट हवी.