'बशी'चं मूळ: बसणे की बासिया?

कप जिच्यावर बसतो ती बशी, ही व्युत्पत्ती आपल्याकडे इतकी सर्रास सांगितली जाते की ती तपासायची गरजच कुणाला वाटत नाही. गोव्यात मात्र ती पहिल्याच घासाला अडकते, कारण इथं बशीत जेवतात. मराठी पेपर घेणाऱ्या घरातही 'दोन बशयो हाड' (दोन बशा आण) म्हटलं की पोर जेवायच्या ताटल्या घेऊन येतं, आणि पुण्याचा पाहुणा कप कुठं राहिला म्हणून बघत बसतो.

मूळ शब्द पोर्तुगीज 'बासिया'. अर्थ पसरट, खोलगट भांडं, हात-तोंड धुवायचं. त्या भाषेत नदीच्या खोऱ्यालाही आज हाच शब्द आहे. 'सि'चा 'शी' होणं मराठीला नवं नाही. सीव्यतिचं शिवणं झालं, सिंचतिचं शिंपणं झालं. आणि शब्द 'बसणे'तून आला असता तर कन्नडात 'बसी' आणि सिंहलीत 'बेसम' कशाला सापडले असते? 1913 साली गोव्यातल्या बार्देशच्या एका धर्मगुरूने आशियाई भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करून कोइंब्राहून छापले. एक शब्द किती बंदरांत उतरला ते पाहायचं, ही रीत तेव्हापासून हाताशी आहे. वापरत कुणी नाही.

खरा वाद वेगळाच आहे: घाटावर बशी गेली कुठून? एक बाजू वसईचं नाव घेते. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती आणि उत्तर कोकणातून देशावर वाटाही भरपूर होत्या. दुसरी बाजू गोव्याची, आणि माझं माप तिकडेच झुकतं. घंगाळ, मग ताटली, मग कपाखालची बशी असा अर्थ आक्रसत गेला. त्यातली मधली पायरी गोव्याने अजून वापरात ठेवली आहे. कपाखालचा अर्थ तर चहाबरोबरच आलेला, म्हणजे अलीकडचा. चहा मराठी घरांत शिरला तेव्हा वसईचा किल्ला कधीच पडला होता. इथं मात्र राज्य 1961 पर्यंत टिकलं. पुरावा म्हणून हे तोकडं आहे, वसईवाले तसं म्हणतीलच.

गंमत म्हणजे कपाखालच्या बशीला पोर्तुगीज स्वतः 'पिरिश' म्हणतात, आणि तोही त्यांनी मलायहून उचललेला. बंगालीने तो घेऊन 'पिरिच' केला. आपल्याला तो घ्यावा लागला नाही, कारण बशी आधीच घरात होती.

घरात, पण स्वयंपाकघराच्या कडेला. चिनी माती सोवळ्यात चालत नसे. पितळ-तांब्याच्या भांड्यांना ताट, वाटी, तपेलं ही आपली नावं होतीच. परकं नाव परक्या मालालाच चिकटलं. या हिशेबाने परात बसत नाही. धातूची असूनही काही जण तिला पोर्तुगीज 'प्रातु'ची लेक मानतात, काही संस्कृत 'पात्रा'ची, आणि तो गुंता अजून सुटलेला नाही.