धोंडस

धोंडस हा कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात घरोघरी होणारा गोड पदार्थ असून तो पिकलेल्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे यांपासून तयार करून वर-खाली निखारे ठेवून भाजला जातो. रत्नागिरी व आसपासच्या भागात त्याला धोंडस, तर सिंधुदुर्ग आणि गोव्यात तवसाळी किंवा तवसोळी म्हणतात. मोदक, पातोळ्या, सांदण अशा वाफवलेल्या पदार्थांची रेलचेल असलेल्या कोकणी स्वयंपाकात भाजून केलेले गोड तसे विरळाच. वरून निखाऱ्यांची धग देण्याची हीच रीत गोव्यातील बिबिंका या थराथरांच्या गोड पदार्थासाठीही वापरतात. मात्र बिबिंकात मैदा आणि अंडी असतात, धोंडसात यांपैकी काहीच नसते.

यासाठी लागणारी काकडी कोशिंबिरीची कोवळी काकडी नव्हे. पावसाच्या सुरुवातीला परसात बी टोकून वेल मांडवावर चढवतात आणि त्यावरील काही फळे न तोडता मुद्दाम राखतात. ती जून होऊन पिवळसर-तपकिरी, जाड सालीची आणि चांगलीच वजनदार होतात. या फळाला तवसे म्हणतात. तोडलेली तवशी सुतळीने आढ्याला टांगून ठेवली तर बरेच दिवस टिकतात, आणि दक्षिण कोकणात गणपतीवरच्या माटवीलाही, म्हणजे वर टांगलेल्या लाकडी चौकटीलाही, ती बांधली जातात. काकडीतील कडू द्रव्य, म्हणजे कुकर्बिटासिन, देठाकडे अधिक असते. त्यामुळे देठाकडची चकती चाखल्याशिवाय फळ किसायला घेत नाहीत, कारण एक कडू तवसे सगळा टोप वाया घालवू शकते.

रव्यासाठी सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून जाडसर भरडतात. हा रवा साजूक तुपात मंद आंचेवर खमंग भाजला जातो. तवशाची साल, बिया व मधला मऊ गर काढून उरलेला भाग किसतात, सुटलेला रस मात्र टाकत नाहीत; पाण्याऐवजी तोच वापरला जातो. एक वाटी रव्याला सुमारे दोन वाट्या रसासकट कीस आणि पाऊण ते एक वाटी गूळ हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते, पण फळ किती रसाळ आहे त्यावर ते बदलते. खोवलेला नारळ, चवीपुरते मीठ, वेलदोडा किंवा जायफळ, चिमूटभर हळद आणि असल्यास काजूचे तुकडे घालतात. जाणत्या बायका रवा आधी किसात वाफ आणून शिजवतात आणि गूळ नंतर घालतात. या क्रमाला कारण आहे: साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे गूळ आधी पडला तर तांदळातील पिष्टाला फुलायला पुरेसे पाणी मिळत नाही आणि कणी टचटचीत राहते.

शिजलेले मिश्रण तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात केळीच्या किंवा हळदीच्या पानावर ओतून थापतात. चुलीतील जाळ ओढून घेऊन टोप नुसत्या निखाऱ्यांवर ठेवला जातो आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरतात. कडा सुटू लागल्या आणि आत खुपसलेली सुरी कोरडी निघाली की धोंडस झाले असे समजतात. तोवर पानाची कड करपून तिचा वास घरभर झालेला असतो. तांदळात ग्लूटेन नसते आणि पारंपरिक कृतीत सोडाही घालत नाहीत, त्यामुळे धोंडस केकसारखे फुगत नाही. त्याच्या वड्या पडतात त्या निवताना घट्ट होणाऱ्या पिष्टामुळे, म्हणून गरम असताना सुरी लावणे हा उतावळेपणाच ठरतो. सफरचंदाच्या पायमध्ये फळ कणकेच्या वेगळ्या कवचात भाजले जाते. येथे फळ आणि धान्य एकजीव होतात, आणि कवच म्हणून काही असेलच तर ती तळाशी धरलेली खरपुडी.

चतुर्थीचा नैवेद्य मोदकांचा असतो आणि गौरीच्या सणाला अनेक घरांत घावन-घाटले होते; धोंडसाला अशी ठरलेली तिथी नाही. तरीही ते गणेशोत्सवाच्या दिवसांत हमखास होते, कारण तवसे तेव्हाच पिकलेले असते आणि एरवी दोघा-तिघांचे असलेले घर मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांनी भरलेले असते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून हे येणे सोपे झाले आहे, जरी गणपतीतल्या गाड्यांचे आरक्षण मिळवणे हा अद्याप नशिबाचा भाग आहे. धोंडस हे एकटीने उरकण्याचे काम नव्हे: कोणी विळीवर नारळ खोवते, कोणी तवसे किसते, पोरे पाने आणतात, आणि झाकणावरचे निखारे केव्हा बदलायचे हे घरातली आजी किंवा थोरली काकू बसल्या जागेवरून सांगते. टोप उतरल्यावर खरपुडीवरून होणारी मुलांची भांडणे तिनेच मिटवायची असतात.

गॅसवर धोंडस करताना टोपाखाली जाड तवा ठेवतात आणि झाकणावर दुसरा तापवलेला तवा. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ते साधारण पाऊण तासात होते. ओव्हनमधले धोंडस सर्व बाजूंनी सारखे भाजले जाते आणि त्यासाठी कोणाला आगीपाशी बसावे लागत नाही; पण जाड बुडाला मिळणारी थेट धग नसल्याने खरपुडी तेवढी धरत नाही, आणि ज्यांनी चुलीवरचे खाल्ले आहे त्यांना ही उणीव खटकतेच.

वड्या साजूक तूप किंवा लोण्याबरोबर खातात. ओले खोबरे आणि काकडीचा ओलावा यांमुळे त्या दमट हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून परतीच्या पिशवीत लाडू जातात आणि धोंडस घरीच संपवले जाते. बरक्या फणसाच्या रसाचे धोंडस याच रीतीने वैशाख-ज्येष्ठात करतात. फणस मुळात गोड असल्याने त्यात गूळ कमी लागतो.