खरं अपडेट कुठे असतं, खोटं कुठून येतं

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत आहे. गेल्या हंगामात ऐन सौद्याच्या वेळी त्यांचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर म्हणतोय क्रोम जुनं झालंय. डाउनलोड केलं, दोनदा दाबलं, पण उघडंना."

"म्हणजे काहीच झालं नाही?"

"काहीच नाही बघ."

त्या 'काहीच नाही'नं माझ्या पोटात गोळा आला. आपण हाताने चालवलेलं खरं अपडेट काहीतरी दाखवतं: टक्के वाढतात, रीस्टार्ट मागतं. खोटं गुपचूप आत शिरतं आणि स्क्रीन जशीच्या तशी राहते. "मामा, आधी नेटची वायर काढा," मी म्हटलं. "काढतो की, पण मग शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या कशा करू?"

संध्याकाळी जाऊन पाहिलं. डाउनलोड्समध्ये फाइल होती. नाव क्रोम अपडेट, पण चिन्ह क्रोमच्या रंगीत गोळ्याऐवजी गुंडाळलेल्या कागदाचं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. ते दिसेल असं केल्यावर शेवटी 'डॉट जेएस' निघालं. ही स्क्रिप्ट. दोनदा दाबली की तिच्यात लिहिलेल्या आज्ञा विंडोज मुकाट्याने पाळतं. क्रोमचं अपडेट असल्या फाइलीतून कधीच येत नाही.

मामा कुठल्या वावग्या साइटवर गेले नव्हते. रोजचीच बाजारभावाची साइट. मी तीच त्याच कॉम्प्युटरवर पुन्हा उघडली, तर भाव निमूट दिसत होते, अपडेटचं नावही नाही. "मघाशी होतं रे," मामा म्हणाले, आणि ते खरंच सांगत होते. 'सॉकघोलिश' नावाने ओळखला जाणारा हा प्रकार चांगल्या साइट्स फोडतो, तुमचा ब्राउझर क्रोम की फायरफॉक्स ते ओळखून त्याचाच लोगो लावतो, आणि एकदा सापळा दाखवला की त्याच माणसाला सहसा पुन्हा दाखवत नाही. म्हणजे तक्रार करणाराच खोटा पडतो.

म्हणून लोगो, रंग, भाषा बघून खरंखोटं ठरवण्यात अर्थ नाही. जागा बघा. वेबपानाला फक्त खिडकीच्या आतली जागा रंगवता येते. क्रोमचं खरं अपडेट त्या पानाच्या बाहेर, वर उजवीकडे तीन टिंबांपाशी दिसतं. बरेच दिवस दुर्लक्ष केलंत तर त्याचा रंग हिरव्यावरून नारिंगी आणि मग लाल होतो. खात्री करायची तर तीन टिंबं, हेल्प, अबाउट गुगल क्रोम. तिथे नवीन काही असेल तर ते आपणहून उतरतं, फाइल शोधून उघडावी लागत नाही. विंडोजचं अपडेट सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये. आणि फ्लॅश प्लेअरचं अपडेट कुठेच नाही, कारण त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० लाच संपला. तसा निरोप दिसला की तपासायची गरजच नाही.

पान फुल स्क्रीन झालं तर मात्र हा चौकटीचा नियम फसवतो. हल्ली ब्राउझरमध्येच विंडोजच्या अपडेटसारखा निळा पडदा उभा करतात, टक्केही फिरवतात. मग सांगतात: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर मारा. म्हणजे चोराने आधीच कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्याच हाताने चालवून घेतात. खरं अपडेट तुमच्याकडून असं काही टाइप करून घेत नाही, फोन नंबर देऊन "आम्हाला कॉल करा" असंही म्हणत नाही. तो पडदा दिसला की एस्केप किंवा एफ ११ दाबायचं. नाही हटला तर ऑल्ट आणि एफ ४.

मोबाइलवर फरक ओळखणं त्या मानाने सोपं. अँड्रॉइडवर अ‍ॅपचं अपडेट प्ले स्टोअरमध्ये, आपल्या फोटोवर दाबल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर "बँकेचं अ‍ॅप आजच अपडेट करा, नाहीतर खातं बंद" म्हणून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकणारी फाइल, आली, तर पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी दाबू नका; त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. असली फाइल आधी अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकायची परवानगी मागते, मग एसएमएस वाचायची. दुसरी मिळाली की ओटीपी चोरांच्या हातात.

दाबलंच असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावा. पासवर्डही दुसऱ्याच यंत्रावरून बदला; ब्राउझरमध्ये साठवलेले तर आधी. मामांचे पैसे वाचले, पण कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला आणि दोन दिवस पट्ट्या हाताने झाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं. महिन्याभराने गेलो तर विंडोज अपडेट पाच आठवड्यांसाठी थांबवलेलं. "आता अपडेटच नको," मामा म्हणाले. ही चूक मला त्या फाइलीइतकीच भारी वाटते. वॉनाक्राय आठवतोय? फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टने ते भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मे ला. मधे दोन महिने होते. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या, आणि ते कुलूप लागायला कुणी काही दाबायचीही गरज लागली नाही, नेटवर्कवरून ते आपोआप पसरलं.

मी अपडेट परत चालू केलं. त्यात बराच वेळ गेला, रीस्टार्टही दोनदा झाला, आणि बाहेर हळदीची पोती उतरत होती. "खरं आहे ना हे? मग सौद्याच्या वेळीच कशाला येतं?" मामांचा प्रश्न रास्त होता. खरं अपडेटही कटकट करतं, त्यात शंका नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे कामाचे तास, सकाळी नऊ ते रात्री आठ करून ठेवले. आता रीस्टार्ट व्हायचं असेल तर ते दुकान बंद झाल्यावर.