डोंगरातली पोरं जास्त दमाची, ही तुलना आली कुठून?

'डोंगरातली पोरं काटक असतात' हे आपण सगळे सर्रास बोलतो, पण अभ्यासात ही तुलना सुरू झाली ती बरोब्बर उलट्या बाजूने. 1921-22 मध्ये केंब्रिजचा शरीरक्रिया-शास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट टीम घेऊन पेरूतल्या सेरो दे पास्कोला गेला, उंची साधारण 4,300 मीटर, आणि 1925 मध्ये लिहून मोकळा झाला की एवढ्या उंचीवर राहणारी माणसं शरीराने आणि बुद्धीनेही कमीच असतात. तिथले खाणकामगार पाठीवर धातूची ओझी लादून चढताना बघून आल्यावर हे! पेरूतले डॉक्टर कार्लोस मोंगे यांना ते चांगलंच झोंबलं, मग त्यांनी आणि आल्बेर्तो हुर्तादो यांनी तिथल्याच लोकांचं रक्त, छाती, फुप्फुसं तपासायला घेतली.

मुलांवर लक्ष गेलं 1960 च्या दशकात. पॉल बेकर यांची अमेरिकन टीम पेरूच्याच नुन्योआ भागात, 4,000 मीटरच्या वर, तिथल्या मूळ रहिवासी केचुआ लोकांचा अभ्यास करत होती, त्यातल्या रोबेर्तो फ्रिसांचो यांना दिसलं की इथली मुलं उंचीने हळू वाढतात पण छाती मात्र मोठी. त्यांचं 1973 चं काम मला सगळ्यात भारी वाटतं: सखल भागातून पेरूतल्याच कुस्को शहरात (3,400 मीटर) आलेल्या लोकांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता मोजली, तर जे लहानपणी आले ते जवळपास स्थानिकांइतके दमदार, आणि मोठेपणी आलेले कितीही वर्षं राहिले तरी मागेच. म्हणजे सगळंच रक्तात नसतं, वाढीच्या वयात शरीर बरंच काही कमावतं.

बुटकेपणाचं खापर मात्र एकट्या उंचीवर फोडता येत नाही. नुन्योआतच नंतर दिसलं की खातीपिती घरं असली की मुलं उंच होतात, आणि इथिओपियात तर डोंगरावरचीच मुलं अंगाने बरी भरली, कारण खाली मलेरिया.

शर्यतीतही तीच गुंतागुंत. 1968 चं मेक्सिको ऑलिंपिक 2,240 मीटरवर झालं, हवा विरळ म्हणून अडथळा कमी, अमेरिकेच्या बॉब बीमनने 8.90 मीटर लांब उडी मारली, लांब पल्ल्यात मात्र सखल भागातल्या भल्याभल्यांची दमछाक झाली आणि केनियाच्या कीप केइनोने 1500 मीटर मारली. मग सगळे केनियाकडे धावले. 1990 च्या दशकात स्वीडनचे शरीरक्रिया-शास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांच्या टीमला तिथे आढळलं की एकाच उंचीवरच्या पोरांतही शाळेत चालत-पळत जाणाऱ्यांचा दम बसून राहणाऱ्यांपेक्षा बराच जास्त. आता यात उंचीचं श्रेय किती आणि पायपिटीचं किती?

आपल्याकडे तर हा घोळ आणखी वाढतो, कारण कळसूबाईच मुळात 1,646 मीटर, आणि उंचीने शरीरच बदलतं असं बोलायचं तर साधारण 2,500 च्या वर (मेक्सिकोसारखी शर्यतीतली दमछाक त्याआधीही होते). सह्याद्रीतल्या वाडीवरचं पोर काटक असेल तर ते चढउतार आणि कामामुळे, विरळ हवेमुळे नाही. लेहचं (3,500 मीटर) प्रकरण वेगळं. तिथल्या आणि मुंबईच्या मुलांची 600 मीटर धावण्याची वेळ नुसती शेजारी-शेजारी लिहिली तर त्यातून कळत काहीच नाही, निदान कोण कुठे वाढला, काय खातो आणि शाळेत कसा जातो एवढं तरी सोबत लिहायला हवं.