पगार की विद्यावेतन? प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत विज्ञान किंवा अभियांत्रिकीत पीएचडी करणाऱ्याला बहुतेक वेळा दरमहा पैसे मिळतात. ते शिकण्यासाठीचं विद्यावेतन की केलेल्या कामाचा पगार, हा प्रश्न तिथे पन्नास वर्षं झाली तरी पुरता मिटलेला नाही.

विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत स्वतः संशोधन करत शिकायचं, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुजली. गीसेनची रसायनशाळा त्याचं ठळक उदाहरण. अमेरिकेत पहिली पीएचडी १८६१ मध्ये दिली गेली. वादाचं मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचं. सरकारी निधी प्राध्यापकाच्या प्रकल्पाला मिळू लागला आणि त्यातूनच विद्यार्थ्यांचा खर्च भागू लागला. प्राध्यापकाचा प्रकल्प आणि विद्यार्थ्याचा प्रबंध एकाच टेबलावर आले, आणि काम कुठे संपतं, अभ्यास कुठे सुरू होतो, हे सांगणं अवघड झालं.

१९७४ मध्ये कामगार संबंधांचे तंटे सोडवणाऱ्या केंद्रीय मंडळापुढे कॅलिफोर्नियातल्या एका खासगी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले संशोधन साहाय्यक आले. त्यांना संघटना हवी होती. मंडळाने नकार दिला: हे मुळात विद्यार्थी, संशोधन हा त्यांच्या पदवीचाच भाग आणि मिळणारी रक्कम कामाच्या मोलावर ठरत नाही. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण संशोधनामुळे पदवी मिळते, म्हणून ते काम राहत नाही, हे कसं? त्याच संशोधनावर प्रकल्पाचे अहवाल आणि शोधनिबंध उभे राहत होते, पुढचा निधीही त्याच जोरावर मागितला जात होता. याचं नीट उत्तर त्या निर्णयात सापडत नाही.

तरी त्याची सावली लांबवर पडली. २००० मध्ये मंडळाने न्यूयॉर्कच्या एका खासगी विद्यापीठातल्या साहाय्यकांना कामगार मानलं, तेव्हाही बाहेरच्या निधीवर काम करणारे विज्ञान संशोधक वगळलेच गेले. म्हणजे वर्गात शिकवणारा कामगार आणि त्याच इमारतीत रात्री उशिरापर्यंत उपकरणापाशी बसणारा विद्यार्थी! २००४ मध्ये तोही निर्णय फिरला आणि सगळेच पुन्हा विद्यार्थी झाले. २०१६ मध्ये पारडं उलटलं. या वेळी १९७४ चा निर्णय नाव घेऊन रद्द झाला आणि प्रयोगशाळेतले लोकही आत आले. २०१९ मध्ये नियम करून सगळ्यांना पुन्हा बाहेर काढायचा प्रस्ताव आला, तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला. मंडळावरच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष करतो, हे लक्षात घेतलं की या कोलांट्यांचं नवल वाटत नाही.

सरकारी विद्यापीठांना हे मंडळ लागू नाही, तिथे राज्याचा कायदा चालतो. कॅलिफोर्नियात संशोधन साहाय्यकांना सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे संघटनेमार्फत पगार आणि अटी ठरवण्याचा, हक्क २०१७ च्या कायद्याने मिळाला, शिकवणाऱ्यांच्या बऱ्याच नंतर. २०२२ च्या अखेरीस तिथे सुमारे ४८ हजार जण संपावर गेले. संशोधन साहाय्यकाची नेमणूक कागदोपत्री अर्धवेळ, आठवड्याला वीस तासांची. उरलेले तास ‘स्वतःच्या अभ्यासाचे’, बहुधा त्याच प्रयोगावर.

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारे बहुतांशी विद्यापीठाचे नोकरदारच असतात. तिथे मात्र २०१६ मध्येच, काहींना नोकरीऐवजी शिष्यवृत्तीवर विद्यार्थी म्हणून घेण्याचा प्रयोग सुरू झाला. तो पुढे कायम करण्यात आला नाही.