रिमोटच्या रणगाड्याचे पट्टे : साखळी, रबर आणि पुन्हा साखळी

इंग्लंडमधल्या लिंकन शहरी, शेतीची यंत्रे बनवणाऱ्या विल्यम फॉस्टर कंपनीत १९१५ च्या सप्टेंबरात एका चिलखती वाहनाच्या चाचण्या चालू होत्या. वाहनाला शिकागोच्या बुलक कंपनीचे, मुळात ट्रॅक्टरसाठी बनवलेले पट्टे बसवले होते. खंदक ओलांडताना ते खाली लोंबत आणि पलीकडे पोहोचेपर्यंत चाकांवरून सुटलेले असत. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी बलाटा या रबरासारख्या चिकापासून बनवलेला सलग पट्टाही चाचणीला लावून पाहिला, पण तो टिकला नाही. अखेर ट्रिटन यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पाट्या ओतीव कड्यांना रिव्हेटने जोडून नवा पट्टा तयार केला आणि २२ सप्टेंबरला ही बातमी लंडनला एखाद्या बाळाच्या जन्माची वर्दी द्यावी अशा थाटाच्या तारेने कळवण्यात आली. हेच पट्टे आधी ‘लिटल विली’ या नमुना वाहनाला आणि पुढे मार्क वन रणगाड्याला बसले. मार्क वन १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर फ्लेर-कुर्सेलेतच्या लढाईत उतरला.

आज १/१६ प्रमाणातला रिमोटवर चालणारा रणगाडा बांधणाऱ्याला जे पेच पडतात, ते जवळजवळ सगळे या प्रसंगात हजर आहेत: सलग पट्टा की कड्यांची साखळी, ढिलाई किती ठेवायची, आणि सुटलेला पट्टा पुन्हा चाकावर येईल कसा. सलग रबरी पट्टा खऱ्या वाहनांतून पुरता हद्दपार झाला, असेही नाही. अॅडॉल्फ केग्रेस यांनी रशियाच्या झारच्या मोटारींसाठी तो बनवला होता, आणि त्यांच्याच पद्धतीच्या सित्रोएन गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केले. अमेरिकेच्या हाफट्रॅक, म्हणजे पुढे चाके आणि मागे पट्टे असलेल्या, वाहनांनाही रबरी पट्टाच होता. जड रणगाडे मात्र साखळीवरच राहिले.

मॉडेलांनी सुरुवात नेमकी उलट्या टोकाने केली. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ च्या अखेरीस मोटरवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला. त्याचे १/३५ हे प्रमाण आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा सांगाडा हवा, या गरजेतून ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. त्या पिढीच्या मॉडेलांना मऊ, सलग पट्टे असत. पट्ट्याच्या एका टोकाचे बारीक खुंट दुसऱ्या टोकाच्या भोकांतून वर काढायचे आणि तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या पात्याने दाबून चपटे करायचे, ही जोडणी त्या काळच्या मुलांना पाठ होती. अशा पट्ट्याचा दोष असा की तो स्वतःच्या वजनाने झोळ घेत नाही. रबर ताणलेले राहते, आसांना आत ओढते आणि वरची बाजू काठीसारखी सरळ दिसते. पँथर किंवा टायगर या जर्मन रणगाड्यांच्या पट्ट्याला वर आधार देणारे वेगळे रोलर नसतात, पट्टा थेट मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकतो. तिथे हा सरळपणा जाणकाराला लगेच खटकतो.

तामियाने १९७४ मध्ये १/१६ प्रमाणातला रेडिओ नियंत्रित रणगाडा आणला. या शतकाच्या सुरुवातीला हेंग लाँग या चिनी कंपनीने त्याच प्रमाणातले रणगाडे कितीतरी कमी किमतीत विकायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून मूळ प्लॅस्टिकचे पट्टे काढून धातूचे बसवण्याचा प्रघात खऱ्या अर्थाने पसरला. त्यामागचे कारण हौसेइतकेच गणिताचेही आहे. लांबी सोळा पटींनी घटली की वजन ४,०९६ पटींनी घटते. त्या हिशेबाने ५७ टनांचा टायगर सुमारे १४ किलोचा व्हायला हवा, पण प्लॅस्टिकच्या मॉडेलचे वजन त्याच्या निम्मेही भरत नाही. हलका पट्टा वळताना जमिनीवरून उचलला जातो आणि खडबडीत जागी त्याला फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे दात सोडतो. धातूचा पट्टा वजन अगदी खाली, जिथे ते हवे तिथेच वाढवतो आणि झोळ आपोआप येतो. त्याची किंमत गिअरबॉक्स मोजतो. प्लॅस्टिकचे गिअर तसेच ठेवून धातूचे पट्टे चढवणे हा माझ्या मते पैसे दोनदा घालवण्याचा मार्ग आहे. आधी पोलादी गिअर आणि धातूची दातेरी चाके घ्यावीत, पट्टे त्यानंतर.

निवडीतली सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे पिच, म्हणजेच कड्या जोडणाऱ्या लगतच्या दोन पिनांमधले अंतर. शर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या बाबतीत इतिहास हौशी माणसाच्या बाजूने उभा आहे. त्याचे रबरी ठोकळ्यांचे टी-४८ आणि पोलादी टी-५४ई१ हे दोन्ही पट्टे सहा इंची पिचचे होते आणि त्याच दातेरी चाकावर चालत, त्यामुळे मॉडेलवरही नक्षी बदलता येते. शर्मनचा पुढच्या काळातला २३ इंच रुंद पट्टा मात्र आडव्या स्प्रिंगांच्या नव्या सस्पेन्शनसाठी होता, जुन्या बोगीवर (चाकांच्या जोडीच्या चौकटीवर) तो शोभतही नाही आणि बसतही नाही. टायगरला तर दोन संच असत: लढाईचा ७२५ मिलिमीटरचा आणि रेल्वेने नेताना चढवायचा ५२० मिलिमीटरचा. मॉडेलवर ही मापे अनुक्रमे सुमारे ४५ आणि ३२.५ मिलिमीटर होतात. अरुंद पट्टा लावायचा तर खऱ्या रणगाड्याप्रमाणे बाहेरची चाकेही उतरवावी लागतात, हे बरेच जण विसरतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांत पिचचा किंचित फरक असला तरी तो कडीगणिक साठत जातो आणि पट्टा दातांवर चढतो. म्हणून चाक आणि पट्टा एकाच कंपनीचे घेणे शहाणपणाचे.

पट्टा किती ताणायचा हे दातेरी चाक कुठे आहे त्यावर ठरते. टायगर आणि शर्मन यांचे ते पुढे असते. पुढे जाताना ते वरच्या बाजूला ओढ देते, त्यामुळे झोळ प्रामुख्याने थांबल्यावर दिसतो. सोव्हिएत टी-३४ किंवा जर्मन लेपर्डचे मागे असते, तिथे पुढे जाताना जमिनीकडची बाजू ताणली जाते आणि वरची सैल राहते. रिव्हर्समध्ये हे उलटते. मागे घेता घेता जोरात वळवल्यावर पट्टा निसटतो, त्याचे एक कारण हेच आहे. पट्टा नवा असताना आयडलर, म्हणजे दातेरी चाकाच्या विरुद्ध टोकाचे, पट्टा ताणणारे चाक, पुढे असो वा मागे, सरकते असेल तर मधल्या खाचेत ठेवावे. पिना आणि भोके झिजून पट्टा लांबतो, तेव्हा आयडलर सरकवायला जागा उरते. ती संपली की दोन्ही बाजूंची एकेक कडी काढायची. खऱ्या रणगाड्यांवरही दुरुस्तीची रीत हीच होती. टी-३४ च्या पिना तर एका टोकाला मोकळ्याच असत, बाहेर सरकलेल्या पिनेला सांगाड्यावरची तिरपी पट्टी प्रत्येक फेऱ्यात पुन्हा आत ढकलत असे. मॉडेलवर अशी पट्टी क्वचितच असते, म्हणून पिनेच्या टोकाला डिंकाचा थेंब किंवा हलका ठोका लागतो.

हे सगळे फोटोंवरून समजून घेण्यापेक्षा महाराष्ट्रातल्या वाचकाने अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक चक्कर मारावी. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन आणि विजयंता या रणगाड्यांच्या शेजारी उभे राहून कडी, पिन आणि झोळ डोळ्यांदेखत तपासता येतात.

स्वतःच्या आराखड्याचे वाहन बांधणाऱ्यांची वाट वेगळी आहे. पूर्वी त्यांच्यापुढे तामियाच्या ‘ट्रॅक अँड व्हील सेट’मधले वेगवेगळ्या लांबीचे मऊ तुकडे जोडत जाणे हाच सोपा पर्याय होता. थ्रीडी प्रिंटरने कडीचे माप पुन्हा बांधणाऱ्याच्या हाती दिले. येथे नियम एकच आणि कडक आहे: पिन ओवायचे कडीचे कान ज्या दिशेने ओढले जातात, त्या दिशेने प्रिंटचे थर सुटता कामा नयेत. म्हणून कडी उभी छापू नये, आडवी छापावी. बहुतेक आराखड्यांत पिनेसाठी भोक १.७५ मिलिमीटरच्या फिलामेंटला (प्रिंटरच्या प्लॅस्टिकच्या तारेला) बेतूनच दिलेले असते. प्रिंटरच्या रिळावरचा तुकडा कापून ओवला आणि दोन्ही टोके गरम सोल्डरिंग आयर्नने दाबून चपटी केली, की कडी तयार होते. वजन वाढवायचे असेल तर त्याच भोकात पितळेची किंवा पोलादी तार घालतात, मात्र तेव्हा तार भोकाला खाते आणि पट्टा लवकर लांबतो, म्हणून दर थोड्या चालीनंतर पट्ट्याची लांबी मोजून पाहावी लागते.